पन्नाशीनंतर शिकलेली गिटार दुसऱ्याला ऐकवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी चौपन्नाव्या वर्षी गिटार शिकायला लागले आणि पहिली चार वर्षं आतल्या खोलीचं दार लावून वाजवली. आता दर महिन्याला कुणाला तरी मुद्दाम घरी बोलावते, वाजवून दाखवते आणि कुठे चुकतंय ते विचारते. इंदूरमध्ये रामबागेपासून सुदामानगरपर्यंत माझ्यासारखे उशिरा शिकणारे बरेच आहेत. कुणी नोकरीतून निवृत्त झाल्यावर क्लास लावलाय, तर कुणी मुलगा पुण्या-बंगळुरूला गेल्यावर कपाटावर धूळ खात पडलेली त्याची गिटार खाली काढलीय. भाजी घेताना, गणपतीच्या मांडवात, कधी रात्री फोन करून या मंडळींनी मला जे विचारलं, ते इथे एकत्र लिहिते आहे.

मी स्वतःच्या आनंदासाठी वाजवतो. कुणाचं मत घेऊन करायचं काय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि चार वर्षं मी स्वतःलाही हेच सांगत होते.

त्या चार वर्षांत मी एफची कॉर्ड (एकदम वाजवायचा सुरांचा गट) घोटत होते. एफला पहिलं बोट सगळ्या तारांवर आडवं दाबावं लागतं, आणि सीवरून एफवर जाताना माझं गाणं दर वेळी तुटायचं. माझं डावं बोट कमजोर आहे, अशी माझी पक्की समजूत होती. म्हणून रोज वीस मिनिटं फक्त ते बोट दाबून बसायचे. शेवटी आमच्या मागच्या गल्लीत शिकवणाऱ्या एका मुलासमोर वाजवलं. त्याने आधी उठून पंखा बंद केला, मग पाटावर बसून ऐकलं. माझ्या डाव्या हाताकडे त्याने पाहिलंच नाही. कडवं संपल्यावर म्हणाला, "आंटीजी, कॉर्ड बदलते समय आपका सीधा हाथ रुक जाता है."

म्हणजे डावा हात एफवर पोचेपर्यंत उजवा हात वाट बघत थांबत होता. त्याने मला डाव्या हाताने तारा नुसत्या झाकायला लावल्या आणि उजव्या हाताने खाली-वर, खाली-वर असं कोरडं 'चक-चक' वाजवायला सांगितलं. मग म्हणाला, आता कॉर्ड बदला, पण हा हात थांबवायचा नाही. मध्येच तारा मोकळ्या वाजल्या तरी वाजू देत. पंधरा मिनिटांनी ते गाणं पहिल्यांदा न थांबता शेवटापर्यंत गेलं. एफच्या दोन तारा तेव्हाही बसक्याच वाजत होत्या, पण गाणं तुटलं नाही.

चूक उजव्या हाताची होती आणि मी चार वर्षं डाव्या हाताला शिक्षा करत होते. आपलं वाजवणं आपल्याला आतून ऐकू येतं. बोटाचं दुखणं जाणवतं, म्हणून चूक तिथेच आहे असं वाटतं. बाहेरून ऐकणाऱ्याला ते दुखणं जाणवत नाही, त्याला फक्त गाणं ऐकू येतं. विशीतल्या पोराने चार वर्षं चुकीच्या जागी घालवली तरी त्याचं निभावतं. साठीकडे निघालेल्या माणसाचं निभावत नाही. म्हणून माझं ठाम मत आहे की उशिरा सुरुवात करणाऱ्याला दुसऱ्याच्या कानाची गरज तरुणांपेक्षा जास्त असते.

पण भीती वाटते. नेमकी कशाची, तेही कळत नाही.

मला कळायला बराच वेळ लागला. आपण आयुष्यभर एखाद्या कामात तयार झालेले असतो. मी बँकेत एकतीस वर्षं काढली. लोक शंका घेऊन माझ्या टेबलाशी यायचे. अशा तयार माणसाचा हात सगळ्यांसमोर अडखळताना दिसणं फार जड जातं. सहा वर्षांच्या मुलीजवळ असं सोडून द्यायचं मोठेपण नसतं, म्हणून ती बिनधास्त वाजवते.

दुसरं कारण आपल्या गावाचं आहे. हे ख्यालगायक उस्ताद अमीर खाँसाहेबांचं इंदूर. लता मंगेशकरांचा जन्म इथलाच, १९२९ सालचा. इथून तासाभराच्या अंतरावर देवासला कुमार गंधर्व १९४८मध्ये येऊन राहिले ते कायमचे. इथल्या मराठी घरांमध्ये गाणं ऐकणारे कान पिढ्यान्‌पिढ्या तयार झालेत. एखादी आत्या तरी विशारद असतेच. अशा घरात उतरलेली तार स्वयंपाकघरातूनही ओळखली जाते, आणि आपल्याला ते माहीत असतं. कुमारजींचं उदाहरण मात्र मी स्वतःला वेगळ्या कारणासाठी सांगते. क्षयाच्या आजारात त्यांचं गाणं काही वर्षं बंद होतं. त्यानंतर ते परत उभे राहिले, ते आजारात शरीर जसं झालं होतं त्याच्याशी जुळणारं गाणं घेऊन. आपली बोटं आज जशी आहेत, त्या बोटांनी जे वाजेल तेच घेऊन समोर बसायचंय.

घरचे "छान वाजवतेस" म्हणतात. तेवढं पुरत नाही?

ते प्रेम आहे, ते ठेवून घ्यावं. मत हवं असेल तर घरच्यांना एखादं काम द्यावं लागतं. आमच्या ह्यांना संगीतातलं काही कळत नाही, पण मी त्यांना सांगितलं, "मी वाजवते, तुम्ही नुसती मांडीवर थाप देत राहा. जिथे थाप आणि गिटार वेगळी होईल तिथे हात वर करा." पहिल्याच दिवशी त्यांनी चार वेळा हात वर केला आणि चारही वेळा त्यांचं बरोबर होतं.

मग कुणाला विचारावं? गिटारचा शिक्षकच हवा का?

हात कसा धरावा, अंगठा कुठे असावा, कोणत्या बोटाने काय दाबावं, या गोष्टी गिटार वाजवणाऱ्यालाच दिसतात. त्यासाठी शिक्षक हवाच. नेहमीचा क्लास लावायचा नसेल तर एकाच बैठकीची फी देऊन वेळ मागता येतो. बरेच शिक्षक आनंदाने देतात.

लयीसाठी मात्र मी तबलजीकडे जायला सांगेन. आपली बहुतेक भावगीतं आणि भक्तिगीतं आठ मात्रांच्या केरव्यात नाहीतर सहा मात्रांच्या दादऱ्यात असतात. गिटारचे क्लास स्ट्रमिंग, म्हणजे उजव्या हाताने तारा छेडणं, शिकवतात ते खाली-वर अशा बाणांच्या खुणांनी. ते पाठ होतं, पण सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठे आहे ते कळतंच असं नाही. आमच्या ओळखीच्या एका तबला वाजवणाऱ्या काकांनी माझं एक गाणं ऐकलं आणि एवढंच म्हणाले, "तू सहा मोजतेस, पण जोर दर वेळी पहिल्यावरच देतेस. चौथी मात्रा मोकळी सोड, तिला हलकी ठेव." दादऱ्याचा झोक कशात असतो ते मला त्या दिवशी समजलं.

तिसरा माणूस म्हणजे गाणारा. गाणाऱ्याला साथ करून बघा आणि त्याला विचारा, "मी तुमच्या आड येते का?" हा प्रश्न फार उपयोगी आहे. मी एका मैत्रिणीला साथ करताना दर ओळीला तीन-तीन कॉर्ड बदलत होते. ती म्हणाली, "अगं, मी गंधारावर थांबायला जाते आणि तू खालून जमीनच काढून घेतेस." तिचं म्हणणं बरोबर होतं. रागावर बेतलेल्या चालीला कमी कॉर्ड लागतात. कधीकधी नुसते षड्ज-पंचम (सा आणि प) धरून बसलं तरी ते अधिक शोभतं. हे मला कुठल्याही गिटारच्या क्लासमध्ये सांगितलं गेलं नव्हतं. गाणारा भेटला की आणखी एक गोष्ट शिकायला मिळते, ती म्हणजे पट्टी, गाणाऱ्याचा 'सा' पेटीच्या कोणत्या पांढऱ्या-काळ्या पट्टीवर आहे ते. समोरची म्हणाली "माझी काळी एक", तर पहिल्या फ्रेटवर (दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या म्हणजे फ्रेट) कापो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, लावून सीच्या कॉर्ड वाजवायच्या. "काळी पाच" म्हणाली तर तिथेच कापो ठेवून एच्या.

आपल्यासारखाच एखादा शिकणारा मिळाला तर उत्तम. तो चूक दुरुस्त करू शकणार नाही, पण 'इथे मलाही अडतं' म्हणेल. त्या एका वाक्याने पुष्कळ बरं वाटतं.

शिक्षक माझ्या मुलापेक्षा लहान आहे. त्याच्याकडून ऐकून घ्यायला अवघड जातं.

त्यालाही सांगायला तितकंच अवघड जातं, हे लक्षात घ्या. वयाने मोठ्या बाईला तोंडावर चूक दाखवायची नाही, असे संस्कार त्याच्यावर झालेले असतात. माझा पहिला शिक्षक सव्वीस वर्षांचा होता आणि दोन महिने "बहुत बढ़िया आंटीजी" याशिवाय काही बोलला नाही. मग मीच म्हटलं, "सर, माझी मुलगी चुकली तर तिला कसं सांगाल? तसं मला सांगा." क्लासमध्ये मी त्याला सरच म्हणते, आणि त्याने मला आंटीजी म्हटलेलं चालतं. सर म्हटल्याने त्याला अधिकार मिळतो. तो अधिकार आपणच त्याच्या हातात द्यायचा असतो.

विचारायचं कसं? "कसं वाजलं?" एवढंच विचारलं तर सगळे "मस्त" म्हणतात.

'कसं वाजलं' या प्रश्नाला दुसरं उत्तर नसतं. प्रश्न लहान करा. एक मिनिटाचा तुकडा निवडा आणि वाजवण्याआधीच सांगा, कशाकडे कान द्यायचा ते. मी वापरते ते प्रश्न असे: "दुसऱ्या ओळीत लय वाढते का?" "सीवरून एफवर जाताना मध्ये फट ऐकू येते का?" "चौथी तार दबल्यासारखी वाजते का?" "पुढच्या पंधरा दिवसांत एकच गोष्ट सुधारायची, तर कोणती घेऊ?"

धीर कुठून आणायचा, असं मला लोक विचारतात. माझ्या अनुभवात प्रश्न लहान केला की तो आपोआप येतो. 'मी कशी वाजवते' हे विचारताना आपण आख्खे पणाला लागलेले असतो. 'चौथी तार दबते का' असं विचारताना पणाला लागते ती फक्त चौथी तार.

आणखी एक आग्रहाची सूचना. वाजवण्याआधी माफी मागू नका. "मला काही येत नाही हं, आत्ताच शिकतेय, बोटं आखडलीत" हे सगळं आपण सवयीने बोलतो. ते ऐकल्यावर समोरचा माणूस मत द्यायचं सोडून आपली समजूत घालायला लागतो.

समोर बसून जमत नाही. फोनवर रेकॉर्ड करून पाठवलं तर?

जरूर. सुरुवात तिथूनच करावी असं मला वाटतं, कारण त्यात पहिले श्रोते आपणच असतो.

फोन साधारण हातभर ते मीटरभर लांब ठेवा आणि त्याचं तोंड गिटारच्या बाराव्या फ्रेटकडे असू द्या. गोल भोकासमोर धरला तर नुसता घुमटलेला आवाज येतो. कुकर, पंखा, कूलर बंद. व्हिडिओ काढणार असाल तर दोन्ही हात दिसू देत, चेहरा नसला तरी चालेल. समोरच्या कॅमेऱ्याने काढलेला व्हिडिओ काही फोनमध्ये उलटा होतो, मग आपण डावखुरे दिसतो आणि बघणाऱ्याचा गोंधळ उडतो. मागचाच कॅमेरा वापरा.

वाजवल्यावर लगेच ऐकू नका, दुसऱ्या दिवशी सकाळी ऐका आणि तेव्हा गिटार हातात नको. मी कागदावर वेळ लिहिते: बाविसाव्या सेकंदाला अडखळले, एकेचाळिसाव्याला लय पळाली. पहिल्यांदा ऐकाल तेव्हा वाईट वाटेल. मला रडू आलं होतं. तिसऱ्या वेळी ऐकताना तो आवाज आपला न राहता नुसता एक आवाज होतो आणि तेव्हापासून काम सुरू होतं.

तरी कायम रेकॉर्डिंगवरच राहू नका. खांदा वर ओढलाय, श्वास रोखून धरलाय, असल्या गोष्टी समोर बसलेल्या माणसालाच कळतात.

हात थरथरतात, त्याचं काय करू?

आधी एक सोपं गाणं वाजवा, ज्यावर मत मागायचं नाही. मग मनात चार मोजून, घरी वाजवता त्याहून थोड्या संथ लयीत सुरू करा. भीतीने लय आपोआप चढते, त्यामुळे संथ सुरू केलं की ती योग्य जागी येऊन बसते. त्याआधी तासभर चहा-कॉफी नको. थरथर पूर्ण जात नाही, पण तिसऱ्या-चौथ्या खेपेला ती पहिल्या कडव्यापुरतीच उरते.

मत विचारण्याआधी गिटार तपासून घ्यावी का?

हो, आणि याकडे कुणी लक्ष देत नाही. बाराव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यात किती अंतर आहे ते पट्टीने मोजा. धातूच्या तारांच्या गिटारवर जाड सहाव्या तारेखाली अडीच मिलिमीटरच्या आसपास आणि पहिल्या तारेखाली दोनच्या आसपास असेल तर ठीक. मुलाची जुनी गिटार असेल तर हे अंतर बहुतेक वेळा वाढलेलं सापडतं. त्या गिटारवर एफ तरुणालाही जड जाईल. तारांचा सेटही बघा. पहिली तार ०.०१२ इंच जाडीची असेल तर ०.०१०चा हलका सेट लावून घ्या. दोन्ही कामं चांगल्या वाद्यदुरुस्तीवाल्याकडे होतात.

आपल्याकडे एप्रिल-मे फार कोरडा असतो. लाकूड आकसतं, गिटारची मान (लांब दांडी) किंचित हलते आणि तारा फ्रेटला लागून झणझणतात. एका उन्हाळ्यात मी ती झणझण स्वतःची चूक समजून महिनाभर बोटं दाबत बसले होते. गिटार कव्हरमध्ये ठेवावी, कूलरच्या झोतात कधीच नाही. आणि दर वेळी ट्यूनर लावून ई, ए, डी, जी, बी, ई या सहा तारा जुळवल्याशिवाय कुणाला ऐकवू नका. तारा उतरलेल्या असतील तर ऐकणाऱ्याला दुसरं काही ऐकूच येत नाही.

अंगठा दुखतो. सांगितलं तर "सराव वाढवा" म्हणतात.

हे मत ऐकू नका. बोटांच्या टोकांची आग सुरुवातीला होते आणि तिथली कातडी घट्ट झाली की थांबते. पण अंगठ्याच्या मुळाशी दुखणं, मनगट आखडणं, रात्री बोटांना मुंग्या येणं हे वेगळं, त्यासाठी डॉक्टरांकडे जा. शिक्षकालाही स्पष्ट सांगा, म्हणजे तो बसण्याची पद्धत आणि मानेवरची पकड बघेल. आपल्यातले बहुतेक जण गरजेपेक्षा दुप्पट जोराने दाबतात. सलग तासभर वाजवण्यापेक्षा वीस-वीस मिनिटं दोनदा बरं. हिवाळ्यात आधी हात कोमट पाण्यात धरा.

कुणीतरी लागेल असं बोललं. पुन्हा वाजवावंसंच वाटत नाही.

मला हे झालंय. एका घरगुती कार्यक्रमात वाजवून झाल्यावर ओळखीतले एक गृहस्थ सगळ्यांसमोर म्हणाले, "आता या वयात बोटं कुठे वळणार? टाळ घ्या हातात." मी हसले. घरी येऊन गिटार कव्हरमध्ये घातली ती तीन आठवडे काढली नाही.

त्याच संध्याकाळी माझी भाची हळूच म्हणाली होती, "मावशी, शेवटच्या ओळीला तू पळतेस." ते मला तीन आठवड्यांनी आठवलं. दोन्ही वाक्यं टीकेचीच होती. पण भाचीच्या वाक्यावर मला दुसऱ्या दिवशी सकाळी काहीतरी करता येत होतं आणि त्या गृहस्थांच्या वाक्यावर काहीच करता येत नव्हतं. तेव्हापासून माझी हीच चाळणी आहे. उद्या सकाळी गिटार घेऊन यावर काय करू, याचं उत्तर मिळत नसेल तर ते मत माझ्या वाजवण्याबद्दलचं नव्हे. त्याचा राग येऊ द्यावा, दुःख होऊ द्यावं, पण वहीत लिहू नये.

दोन शिक्षक अगदी उलट सांगतात. कुणाचं ऐकू?

त्यांना विचारा, कशा प्रकारच्या वाजवण्यासाठी. शास्त्रीय गिटारवाला अंगठा मानेच्या मागे ठेवायला सांगेल, गाण्याच्या साथीला स्ट्रमिंग करणारा वरून वळवायला. दोघांचंही त्यांच्या जागी बरोबर असतं.

परीक्षा द्यावी का?

ज्यांना समोरच्या माणसाच्या भिडेशिवाय लेखी मत हवं असेल त्यांनी द्यावी. ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या गिटार परीक्षा इनिशियलपासून आठव्या ग्रेडपर्यंत असतात आणि कोणत्याही वयात देता येतात. १००पैकी ६०ला पास, ७५ला मेरिट, ८७ला डिस्टिंक्शन. गुणांपेक्षा परीक्षकाचा शेरा वाचा, तो प्रत्येक तुकड्यावर वेगळा लिहिलेला असतो. मी पहिलीच ग्रेड दिली. पुढची द्यावीशी वाटली नाही, कारण मला गाण्यांची साथ करायची आहे.

किती वेळा विचारावं?

महिन्यातून एकदा. दर आठवड्याला विचारलं तर आधीचं सुधारायला वेळच मिळत नाही.

सांगितलेलं लक्षात राहत नाही. बैठक संपली की सगळं विसरायला होतं.

लगेच लिहा, त्या माणसासमोरच. माझी शाळेची साधी दोनशे पानी वही आहे. डाव्या पानावर तारीख, कुणी सांगितलं आणि त्यांच्याच शब्दांत काय सांगितलं. स्वतःच्या शब्दांत लिहिलं की आपण ते मऊ करतो. उजवं पान मोकळं. ती गोष्ट जमली असं दुसऱ्या कुणाच्या तरी कानाने सांगितलं की तिथे तारीख टाकायची. पहिल्या पानावर लिहिलंय, "सीधा हाथ रुक जाता है." त्याच्या समोरची तारीख सात महिन्यांनंतरची आहे. "शेवटच्या ओळीला पळतेस" याला तीन महिने लागले. परवाच्या रविवारी तबल्याच्या काकांनी सांगितलं, "शेवटची कॉर्ड वाजली की तू लगेच हात ठेवून तारा बंद करतेस. तिला विरू दे." ते डाव्या पानावर लिहिलंय आणि सध्या रोज संध्याकाळी मी त्याचाच सराव करते आहे.